अभिनय करणारी अक्षरे

मराठी जाहिरातीत अक्षराने अर्थाचा अभिनय करावा, ही अपेक्षा रुजवली ती मुख्यतः नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींनी. जागा थोडी, रंग एकच काळा, कागद शाई पिणारा आणि शेजारी इतर नाटकांची दाटी. बारीक छायाचित्राचा अशा छपाईत चिखल होई. त्यामुळे नाटकाची जात सांगण्याचे काम शीर्षकाच्या अक्षरांवर येऊन पडले.

नाशिकला राहून लिहिणाऱ्या वसंत कानेटकरांची नाटके पाहिली म्हणजे हे काम किती नाजूक होते ते कळते. 1962 मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, 1964 मध्ये संगीत ‘मत्स्यगंधा’, 1966 मध्ये ‘लेकुरे उदंड जाली’. ऐतिहासिक शोकनाट्य, पौराणिक संगीत नाटक आणि खेळकर सुखात्मिका, तिन्ही चार-पाच वर्षांत एकाच लेखणीतून उतरलेली. नुसत्या नाटककाराच्या नावावरून प्रेक्षकाला प्रयोगाचा रंग ओळखता येणार नव्हता. तो दाखवून देणाऱ्यांत कमल शेडगे (1935–2020) अग्रभागी होते. टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात नोकरी करता करता त्यांनी असंख्य नाटकांची शीर्षके रेखाटली. ‘रायगडाला’चे शीर्षकही त्यांच्या नावाशी जोडले जाते. शीर्षक आधी वाचावे लागत नाही, ते आधी दिसते आणि मग वाचले जाते, हे त्यांच्या कामाचे खरे सामर्थ्य.

देवनागरीत हे साधणे रोमनपेक्षा वेगळ्या तऱ्हेने अवघड आहे. अमेरिकन संकल्पनकार हर्ब लुबालिन यांनी 1965 मध्ये ‘मदर अँड चाइल्ड’ या नावातील ‘ओ’च्या पोटात ‘अँड’चे चिन्ह आणि त्या चिन्हाच्या कुशीत ‘चाइल्ड’ हा शब्द बसवला. रोमन अक्षरे सुटी असल्याने अशी उचलाठेव जमते. देवनागरी शब्द मात्र शिरोरेषेला टांगलेला असतो. मात्रा, वेलांट्या वर जातात, उकार खाली उतरतात. एक अक्षर हलवले की ओळीचा तोल जातो. चांगला अक्षरकार याच अडचणीचा फायदा घेतो: शिरोरेषा तोडतो, वाकवतो, वेलांटीचा फटकारा लांबवतो. वाईट अक्षरकार ऐतिहासिक विषय दिसला की प्रत्येक काना तलवारीसारखा टोकदार करतो. हा साचा आता इतका झिजला आहे की त्यातून काहीच कळत नाही.

या कलेला विचाराची बैठक दिली र. कृ. जोशी (1936–2008) यांनी. उल्का जाहिरातसंस्था, मग पवईची आयआयटी आणि शेवटी संगणकीय अक्षरे असा त्यांचा प्रवास. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट त्यांचाच. मोडीच्या वळणांचा अभ्यास करून सुलेखनाला नवी गती देणारे अच्युत पालव त्यांच्याच प्रभावातले; 2025 मध्ये पालवांना पद्मश्री मिळाली.

मग या अक्षरकलेची घसरण कुठे झाली? डीटीपी आणि फ्लेक्सने पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचे काम गेले. त्याची सगळी अक्षरे सुंदर होती असे मुळीच नाही, पण ती त्याच्या हाताची होती. नाशिकच्या मेनरोडवर किंवा रविवार कारंजावर आज सराफ, दवाखाना आणि वाढदिवसाचा फलक एकाच ठाशीव फॉन्टला सावली लावून बोलतात. आकार वाढला, आवाज हरवला. महाराष्ट्रातील 2022 च्या कायदादुरुस्तीने दुकानांच्या पाटीवर मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असे बंधन घातले. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. नियम योग्यच आहे. मात्र तो उंची मोजतो, वळण त्याच्या कक्षेत येत नाही.

साधनांची सबब आता चालणार नाही. एक टाइप या मुंबईच्या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मोफत मिळतात. त्यांचाच ‘मोदक’ इतका गुबगुबीत आहे की अक्षराच्या पोटातली पोकळी जेमतेम रेघेएवढी उरते; देवनागरीत हा धीटपणा नवा आणि यशस्वी आहे. तरीही फॉन्ट म्हणजे शीर्षक नव्हे. त्यातला ‘क’ प्रत्येक शब्दात तोच राहतो, शेडग्यांचा तसा राहत नसे.

2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नाशिकमध्ये कमानी, फलक आणि पोस्टरे मोठ्या संख्येने लागतील. महापालिकेने त्यांच्या छपाईची निविदा काढण्यापूर्वी एखाद्या अक्षरकाराला त्या कामावर नेमावे.