२१ ग्रॅमचा दृष्टांत

माउली, निरूपण आत्म्याच्या अमरत्वावर आले की हल्ली एक वाक्य तुमच्या कानावर कधी ना कधी पडलेच असेल : अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आत्म्याचे वजन केले, ते २१ ग्रॅम भरले. मंडपातली शिकलेली पोरे गप्प बसतात, बुवा समाधानाने पुढच्या चरणाकडे वळतात. हेतू चांगला असतो. ‘माणूस म्हणजे हाडामांसाचे यंत्र, बाकी काही नाही,’ असे म्हणणाऱ्याला त्याच्याच भाषेत उत्तर दिल्याचा आनंद असतो. पण दृष्टांत सिद्धांताला धरून असावा, ही आपल्या परंपरेची शिस्त आहे. हा दृष्टांत त्या शिस्तीत बसतो का, ते पाहू.

डंकन मॅकडूगल हे मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॅवरहिल गावचे डॉक्टर. मोठ्या तराजूवर खाट बसवून तीवर त्यांनी मरणासन्न रोगी ठेवले, बहुतेक क्षयाचे. प्राण जाताना काटा किती हलतो ते पाहिले आणि १९०७ साली निष्कर्ष छापले. रोगी होते अवघे सहा. त्यांपैकी दोघांची मापे खुद्द डॉक्टरांनीच बाद धरली. एकाच्या वेळी काटा नीट लावलेला नव्हता, दुसरा खाटेवर ठेवल्यावर काही मिनिटांतच गेला. उरले चार. त्यांत पहिल्याचे वजन पाऊण औंसाने, म्हणजे सुमारे २१ ग्रॅमने, घटले. दुसऱ्याचा मृत्यू नेमका कोणत्या क्षणी झाला हेच ठरेना. एकाचे वजन आधी घटले आणि मिनिटांनी आणखी घटले. एकाचे घटले आणि पुन्हा भरून आले! चौघांचे चार आकडे, आणि जगभर फिरतो तो त्यातला एकच. आणखी पुष्कळ प्रयोग झाल्याशिवाय काही सिद्ध होणार नाही, हे मॅकडूगल यांनी स्वतःच लिहिले होते. तेवढे मात्र कुणी सांगत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टस क्लार्क नावाच्या डॉक्टरांनी आक्षेप घेतला. श्वास थांबला की फुप्फुसांतून रक्त थंड होणे थांबते, अंग तापते, घाम सुटतो, त्यात वजन जाते, असे त्यांचे म्हणणे. तो वाद दोघांत चालला. आपल्याला त्यात शिरण्याचे कारण नाही, कारण आपला खरा अडथळा पुढे आहे.

मॅकडूगल यांनी पंधरा कुत्रीही मरताना तोलली. त्यांच्या वजनात काही फरक पडला नाही. माणसापाशी जे आहे ते कुत्र्यापाशी नाही, या त्यांच्या समजुतीला हे मिळतेजुळतेच होते.

आता सांगा, बुवांनी हा दृष्टांत अर्धा घ्यावा की पुरा? २१ ग्रॅम खरे मानले, तर कुत्र्याचे शून्यही खरे मानावे लागेल. मग पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेवराय कुणामागे धावत होते? काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड नाथमहाराजांनी तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ती कुणासाठी? पैठणच्या रेड्याला हॅवरहिलच्या खाटेवर चढवले असते, तर काटा हलला नसता आणि माउलींचा पक्ष पडला असता. ज्या तराजूवर आपल्या संतांची चरित्रेच खोटी ठरतात, तो तराजू आपण मंडपात आणून पुजतो आहोत.

हा प्रयोग नवाही नाही. बौद्धांच्या दीघनिकायात पायासी नावाच्या अधिपतीची कथा आहे. त्याने चोराला जिवंतपणी तोलले, मग मारून पुन्हा तोलले. प्रेत जड भरले! म्हणून तो म्हणाला, जीव वगैरे काही नाही. कुमार कस्सपाने त्याला तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला दिला आणि वर त्या मुलाची गोष्ट सांगितली, ज्याने अग्नी शोधण्यासाठी अरणीची लाकडे फोडून तुकडे तुकडे केले. बौद्ध आपल्यासारखा आत्मा मानत नाहीत आणि तिथला वाद परलोकाचा आहे, हे ध्यानात ठेवूनही गोष्ट घेण्यासारखी आहे. पायासीला नास्तिक व्हायचे होते, मॅकडूगलना आस्तिक राहायचे होते. शोधायची रीत दोघांची एकच : आत्मा देहात ठेवलेली एक वस्तू आहे आणि ती निघाली की जागा रिकामी होते.

माउलींनी असे कुठे सांगितले आहे? ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय उघडा. क्षेत्राची छत्तीस तत्त्वे मोजताना त्यांनी पंचमहाभूते आणि इंद्रियांवर हात थांबवलेला नाही. मन क्षेत्रात, बुद्धी क्षेत्रात, अहंकार क्षेत्रात. इच्छा, द्वेष, सुख, दुःख, धैर्य क्षेत्रात. फार काय, चेतनासुद्धा क्षेत्रात! गीतेचीच ही मांडणी. तेव्हा उद्या मेंदूच्या अभ्यासकाने राग, आठवण, निश्चय मेंदूत कुठे घडतात हे दाखवले, तर त्याने क्षेत्राचाच नकाशा काढला. त्यात आपले काही हरवत नाही. जो हे सारे जाणतो तो क्षेत्रज्ञ, आणि जाणणारा जाणलेल्या वस्तूंच्या यादीत सापडत नाही.

‘मग उरले काय?’ असे तो अभ्यासक विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. जाणीव मेंदूतून उपजते की मेंदू तिच्यात भासतो, हे प्रयोगशाळेत अजून सुटलेले नाही. पण त्यांचे कोडे सुटले नाही हा आपला पुरावा, असेही म्हणू नये. आपला आधार श्रुती, संतवचन आणि साधकाचा अनुभव. तेवढाच आहे असे उघड सांगावे. ज्याला तो पुरत नाही, त्याच्याशी भांडू नये.

वजनाच्या दृष्टांताइतकाच लाडका दुसराही एक आहे. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा मुलाला ओळखत नाहीत, पण टाळ वाजला की हरिपाठ म्हणू लागतात. घरचे भरल्या डोळ्यांनी म्हणतात, बघा, आत्मा विसरला नाही. त्या घराला हे समाधान हवे असते, ते हिरावून घेऊ नये. पण मंडपातून सिद्धांत म्हणून सांगू नये. जन्मभर घोळलेले गाणे आणि ठेका इतर आठवणींपेक्षा पुष्कळदा जास्त टिकतात. तोही क्षेत्राचाच धर्म. आणि तीन महिन्यांनी हरिपाठही गेला, ओठ हलेनासे झाले, तर त्या घराला आपण काय सांगणार? आत्मा आता निघून गेला? आठवणीला आत्मा म्हटले की हा प्रश्न दारात येऊन उभा राहतो. मग त्या म्हाताऱ्याला भरवताना, त्याचे अंथरूण बदलताना सुनेचा हात रेंगाळू लागतो, आणि तिला दोष देता येत नाही, कारण समोर आता कुणी नाही हे आपणच तिला शिकवलेले असते.

वारीत पाया पडताना तुम्ही समोरच्याला हरिपाठ येतो का हे विचारत नाही. त्या आजोबांच्या खाटेपाशी बसाल तेव्हाही विचारू नका. आणि पुढच्या खेपेस बुवांनी २१ ग्रॅमची गोष्ट काढली, तर कीर्तन संपल्यावर, प्रसाद घेताना, हळूच त्या पंधरा कुत्र्यांचे विचारा.