शुद्धलेखनाचे मुक्तस्रोत साधन आणि पनवेलची बोली

मुक्तस्रोत साधनाची मूळ आज्ञावली कोणासही वाचता, बदलता व वाटता येते. परंतु तेवढ्याने ते साधन प्रत्येक भाषेच्या हाती आले, असे मानणे घाईचे ठरेल. ‘लिबरऑफिस’ व ‘फायरफॉक्स’ यांतील शुद्धलेखन तपासणारे ‘हनस्पेल’ हे या दृष्टीने अभ्यसनीय आहे. लाझ्लो नेमेथ यांनी ते हंगेरियन भाषेच्या गरजेतून रचिले. त्यास प्रत्येक भाषेसाठी दोन फाइली लागतात : एक शब्दांची यादी व दुसरी प्रत्ययांचे नियम. दोन्ही साध्या मजकुराच्या असल्याने आज्ञावली लिहिता न येणारा व्याकरणाचा अभ्यासकही त्या सुधारू शकतो. हा या रचनेचा मोठाच गुण होय.

तथापि मराठीच्या कसोटीस ती पुरी उतरत नाही. येथील नियम शब्दाच्या शेवटची ठराविक अक्षरे गाळून त्यांजागी दुसरी जोडतो. शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या लेखननियमांप्रमाणे मराठी शब्दातील उपान्त्य दीर्घ इकार-उकार सामान्यरूपात ह्रस्व होतो : ‘मीठ–मिठाला’, ‘फूल–फुलाला’. व्याकरणात जो एक नियम, त्यासाठी येथे प्रत्येक अंत्य व्यंजनागणिक निराळी ओळ लिहावी लागते. शिवाय ‘गीत’ हा तत्सम शब्द असल्याने ‘गीताला’ असेच रूप होते. शब्दाचे कूळ यंत्रास दिसत नाही. ते यादीत शब्दाशब्दापुढे कोणीतरी नोंदवावे लागते. ‘घरातल्यांनासुद्धा’ यासारख्या रूपात तर प्रत्ययांचे चारपाच थर असतात. हे साधन प्रत्ययांचे दोनच थर सोडविते. उरलेले थर आधीच एकत्र सांधून द्यावे लागतात. तात्पर्य, आज्ञावली फुकट मिळाली तरी भाषाज्ञानाचे श्रम भाषिकांनाच करावे लागतात.

हे श्रम कोणत्या मराठीसाठी करावयाचे, हा प्रश्न यापुढचा. पनवेलच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या आगरी बोलीत ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा उच्चारला जातो. आगरीतील संवाद टंकलिखित करणाऱ्यास प्रमाण मराठीची यादी तांबडी रेघ दाखवील. वस्तुतः ती रेघ चूक दाखवीत नाही, यादीची सीमा दाखविते. लेखकाने तो शब्द आपल्या व्यक्तिगत कोशात घातला, तर एक रूप सुटते; पण त्याची प्रत्यययुक्त रूपे अशुद्धच ठरतात, आणि ती भर त्याच्याच संगणकावर राहते.

प्रमाण यादीतच बोलीचे शब्द मिसळणे हा यावरील उपाय नव्हे. तसे केल्यास प्रमाणलेखन तपासण्याचे कार्यच बिघडेल. आगरीची स्वतंत्र यादी व स्वतंत्र प्रत्ययनियम सिद्ध करून सर्वांस खुले करणे, हाच योग्य मार्ग होय. बंदिस्त साधनात यासाठी उत्पादकाच्या मर्जीची वाट पाहावी लागते. येथे तशी आडकाठी नाही. म्हणूनच मुक्तस्रोताचे खरे मोल परवान्याच्या कलमांवरून नव्हे, तर त्याने खुल्या ठेवलेल्या या कामास बोली बोलणारे आणि भाषेचे अभ्यासक किती हात लावतात, यावरून ठरेल.