नायिकेचे डोके का दुखते?

वाचकहो, फराळाचे ताट पुढे असताना मी हा विषय काढते म्हणून एखाद्या आजीबाई चष्मा कपाळावर चढवतील. पण त्याच ताटातल्या चकल्या पाडताना घरातली एखादी सून किंवा लेक ओटीपोट धरून मध्येच खाली टेकली असेल, आणि कोणी विचारले तेव्हा "काही नाही, जरा डोकं दुखतंय," म्हणाली असेल. मला बोलायचे आहे ते या डोकेदुखीविषयी.

आठवीच्या मुलींना मी निबंध दिला होता, 'मी शाळेत आले नाही तो दिवस'. बहुतेकींनी ताप, पाऊस, मामाचे लग्न असे लिहिले. एकीने मात्र लिहिले की पाळी आली, पोटात पिळा बसत होता, मांड्या भरून आल्या, दोनदा उलटी झाली. भाषा शुद्ध, वर्णन नेटके. मी समासात लाल पेन्सिलीने 'असे लिहू नये' असा शेरा मारला आणि दहापैकी तीन गुण कापले. वही घेताना पोरीने हळूच विचारले, "बाई, मग काय लिहायचं होतं?"

'डोकं दुखत होतं असं लिही,' हे उत्तर ओठांवर आले आणि तिथेच अडकले. कारण माझ्या पहिल्या कादंबरीतली नायिका दर महिन्याला एक दिवस दार लावून पडते, आणि तिथे मी डोकेदुखीच लिहिली आहे! एका टीकाकाराने तिला 'अतिहळव्या मनाची' ठरवले. मी ते मुकाट्याने मान्य केले. जिच्या दुखण्याचे खरे कारण मलाच ठाऊक होते, तिचा स्वभाव मी बदनाम होऊ दिला.

त्या दिवशी घरी येऊन मी आपल्या भाषेची झडती घेतली. कावळा शिवला, बाहेरची झाली, दूर बसली, अडचण आहे. शब्दांना तोटा नाही. पण बाईने कुठे बसावे आणि कशाला शिवू नये, एवढेच हे शब्द सांगतात. तिला काय होते, ते एकही सांगत नाही. वैद्यकात 'कष्टार्तव' हा भारदस्त शब्द आहे, पण तो माजघरात कधी आला नाही. बाळंतपणाच्या कळांना मात्र 'वेणा' असा मानाचा शब्द आहे. दोन्ही वेळा आकुंचन पावतो तो गर्भाशयाचाच स्नायू. पण एका कळेमागून पाळणा हलतो, दुसरीमागून काहीच हलत नाही. तेव्हा वाङ्मयाने पहिलीला ओटीवर बसवले आणि दुसरीला बाहेर.

विटाळाविषयी बोलायला आपल्या बायका भ्यालेल्या नाहीत. विटाळावाचून देह जन्मतो तरी कुठे, हा प्रश्न संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकात केला. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये माहेरच्या सोवळ्याचा अतिरेक हसत हसत मांडला. विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'ने 1933 साली केवढे वादळ उठवले! एवढी वाट तयार असताना माझ्यासारखी लेखिका डोकेदुखीच्या आड लपली, याला धीर कमी पडला एवढेच कारण.

कोणी म्हणेल, कथेत सगळेच का सांगावे? सगळे नकोच. पण जे सांगायचे त्याचे कारण खोटे नसावे. खोट्या कारणाने पात्र बिघडते, आणि वाचणारी मुलगी फसते. आपल्याला होते ते दुखणे नसून मनाचा दुबळेपणा आहे, असे तिला वाटू लागते.

विज्ञानाने तर हा संशय केव्हाच मिटवला आहे. गर्भाशयाच्या अस्तरात तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य स्नायूला आवळते, रक्तपुरवठा घटतो आणि कळ उठते. ॲस्पिरिनच्या जातीची औषधे हे द्रव्य तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखवले. 1982 सालच्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. म्हणजे आजीचा शेक बरोबर, आणि डॉक्टरांना विचारून कळ सुरू होताच घेतलेली गोळीही बरोबर. मात्र दुखणे वर्षागणिक वाढत असेल, दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर त्यामागे दुसरा आजार असू शकतो. तपासणी करून घेतलीच पाहिजे. आणि जिला 'डोकं' एवढेच म्हणायला शिकवले, ती डॉक्टरांपुढे तरी काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी ती वही मागवून घेतली. शेरा खोडला, तीन गुण परत दिले आणि खाली लिहिले, 'वर्णन उत्तम. डॉक्टरांना दाखवलेस का?' पोरीने वाचले आणि मान हलवली, नाही म्हणून. मधल्या सुट्टीत मी तिच्या आईला निरोप धाडला.

कादंबरीची नवी आवृत्ती निघेल तेव्हा निघेल. माझ्या प्रतीत मात्र मी दुरुस्ती करून ठेवली आहे. पेन्सिल तीच, लाल.