‘ओरिजिनल’ हा शब्द नेमका कुणाचा?

मागच्या महिन्यात मॅडमनी माझ्या दुसऱ्या प्रकरणातला एक तक्ता पेन्सिलने आडवा कापला. त्यात दोनच रकाने होते, ‘ओरिजिनल’ आणि ‘मॉडिफाइड’. त्यांनी एवढंच विचारलं, “अरे, हे शब्द तुझे की विकणाऱ्याचे?” मी गप्प. तीन महिन्यांचं काम होतं ते.

तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल तर ही चूक आत्ताच बघून ठेवा, कारण ती वस्तूंवर काम करणारा जवळजवळ प्रत्येक जण करतो. माझा विषय १९८०च्या दशकातले घरगुती संगणक आणि त्यांची दुरुस्ती. सगळी मशीनं हातात घेऊन बघणं परवडत नाही, म्हणून जुनं मशीन विकताना लोक जे वर्णन लिहितात, तेच मी साधन म्हणून वापरतो. साधन चांगलं आहे, पण मी ते वाचलं वाईट.

एक मशीन घेऊ. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम, एप्रिल १९८२मध्ये ब्रिटनमध्ये आला. १६के १२५ पौंडांना, ४८के १७५ला. (आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६मध्ये परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ आणला, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) आज असं मशीन विकायला निघतं तेव्हा वर्णन साधारण असं असतं: ‘४८के, कॉम्पोझिट मॉड केलेला, कपॅसिटर नवे, बाकी सगळं ओरिजिनल, चालू स्थितीत.’ वाचायला सोपं. मी ते ‘मॉडिफाइड’मध्ये टाकून पुढे जायचो.

आता ‘कॉम्पोझिट मॉड’ म्हणजे काय ते बघा. स्पेक्ट्रम टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटला जोडायचा असतो. आतल्या पत्र्याच्या छोट्या डबीत, म्हणजे मॉड्युलेटरमध्ये, चित्राचा सिग्नल टीव्हीच्या चॅनेलवर चढवला जातो. आजच्या कित्येक टीव्हींना ते नीट पकडता येत नाही. म्हणून लोक डबीतला रस्ता तोडून सिग्नल थेट सॉकेटवर आणतात. हे करायच्या पद्धती मात्र बऱ्याच. कुणी डबीचं झाकण उघडून एक टोक सोडवतो आणि एक जोडतो, ते पुन्हा सोल्डर करून पूर्ववत करता येतं. कुणी डबीच उपटून फेकतो. कुणी नव्या सॉकेटसाठी केसला भोक पाडतो. वर्णनात तिघांचेही शब्द तेच! इतिहासाच्या दृष्टीने यातला पहिला बदल किरकोळ आहे, तिसरा कायमचा. माझ्या तक्त्यात तिन्ही एकाच घरात बसले होते.

खरी गंमत ‘ओरिजिनल’ची आहे. स्पेक्ट्रमच्या पहिल्या बोर्डात, ज्याला इश्यू १ म्हणतात, यूएलए नावाच्या मुख्य चिपमध्ये दोष होता. तो झाकायला कारखान्यातच एक जास्तीची चिप उलटी करून, पाय वर, चिकटवली गेली. जाणकार तिला ‘मेलेलं झुरळ’ म्हणतात, आणि दिसतंही तसंच. इश्यू २च्या बोर्डांवर प्रोसेसरच्या पाठीवर एक ट्रान्झिस्टर लोंबकळताना सापडतो, तोही मागाहून लावलेला. ४८केमधली वरची ३२के मेमरी तर ६४ किलोबिटच्या अर्ध्या बिघडलेल्या चिपांची असायची, त्यातली चालणारी अर्धी बाजू वापरायची. पैसे वाचवण्याची युक्ती, दुसरं काय. शिवाय १६केवाले ग्राहक मशीन पोस्टाने सिंक्लेअरकडे पाठवून ४८के करून घेऊ शकत. मग ते मशीन ओरिजिनल की मॉडिफाइड? आणि शेजारच्या हुशार मुलाने घरी त्याच जागी चिपा बसवल्या असतील तर?

म्हणजे ‘ओरिजिनल’ हा शब्द बोर्डाबद्दल फार थोडं सांगतो. तो किमतीबद्दल सांगतो. ‘मॉडिफाइड’चंही तेच, फक्त त्याने भाव कधी चढतो, कधी पडतो. बाजाराचा शब्द बाजारात चालू दे, पण तो तसाच उचलून आपल्या वर्गीकरणात ठेवला की आपण नकळत विकणाऱ्याची बाजू घेतलेली असते.

इथे मला संग्राहकांच्या एका गटाशी भांडायचंय. त्यांच्या लेखी हात न लागलेलं मशीन म्हणजेच पुरावा, बाकी सगळं बिघडवलेलं. मला हे पटत नाही. ज्याचं वर्णन ‘उघडलेलं नाही’ एवढंच आहे, त्यातून मला जवळपास काहीच मिळत नाही. उलट एखादा विक्रेता लिहितो की खालच्या १६केच्या आठ चिपांपैकी दोन गेल्या होत्या, या चिपांना लागणारा उणे ५ व्होल्टचा पुरवठा बंद पडला होता, तो दुरुस्त केला, चिपा सॉकेट लावून बदलल्या, काढलेले भाग पिशवीत सोबत देतोय. हा माणूस माझ्यासाठी सोनं आहे. काढलेल्या चिपेवर तारखेचा चार आकडी कोड असतो, ८३२७ म्हणजे १९८३चा २७वा आठवडा. बोर्डावरच्या शेजारच्या चिपांशी तो ताडून बघता येतो. जुनी चिप कचऱ्यात गेली की ती ओळच पुस्तकातून फाडल्यासारखं होतं. ‘कपॅसिटर नवे’ असं लिहून कुठले ते न सांगणाऱ्यांबद्दल माझी तक्रार ही आहे. बदल केला याबद्दल नाही.

तेव्हा विक्रीचं वर्णन वाचताना विशेषणं बाजूला काढा आणि क्रियापदं शोधा. काय काढलं, काय लावलं, काय कापलं. आतल्या बोर्डाचा फोटो असेल तर मजकुराच्या आधी तो बघा. वर्णनात ‘नवा’ म्हटलेला भाग फोटोत जुनाच दिसतो, असं मला एकदा नाही, बऱ्याचदा आढळलंय. ‘चालू स्थितीत’ला तर काहीच किंमत देऊ नका, मशीन एकदा सुरू होऊन पडदा दिसला तरी लोक तेवढंच लिहितात.

तक्ता मी पुन्हा केलाय. दोन रकान्यांचे सहा झाले: काय बदललं, कसं, कधी, कुणी, काढलेला भाग शिल्लक आहे का, आणि हे आपल्याला कशावरून कळलं. आता तो आडव्या पानावरही मावत नाही. ‘कुणी’च्या रकान्यात बहुतेक घरं रिकामी आहेत. पुढच्या आठवड्यात मॅडमना दाखवायचाय, तसाच, रिकाम्या घरांसकट.