कलम सहामधली क्ष

११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाच्या सहाव्या कलमात एक बाई राहते. तिला नाव नाही. या कायद्याने सरसकट सगळ्याच व्यक्तींना 'ती' म्हटले आहे आणि हिला केवळ एका अक्षराने ओळखले आहे; आपण तिला क्ष म्हणू. ही क्ष घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला देणारे एक ॲप डाउनलोड करते. त्या ॲपला आपण य म्हणू. य तिच्याकडे दोन गोष्टींची परवानगी मागते: सल्ला देण्यासाठी तिची वैयक्तिक माहिती वापरण्याची, आणि तिच्या फोनमधली संपर्कयादी पाहण्याची. क्ष दोन्हींना हो म्हणते. मग कायदा शांतपणे सांगतो की वैद्यकीय सल्ला द्यायला संपर्कयादी लागत नाही, सबब तिची संमती सल्ल्यापुरतीच धरली जाईल. दोन-तीन वाक्यांत गोष्ट संपते.

या गोष्टीतली सर्वांत हृद्य जागा म्हणजे क्षचा तो दुसरा होकार. तिला सावध, चोखंदळ, प्रत्येक ओळ वाचून नकार देणारी दाखवणे किती सोपे होते! पण मग ती आपल्यापैकी राहिली नसती. मांडीवर तापाने फणफणलेले मूल असताना, रात्री अकरा वाजता, डॉक्टर दिसेपर्यंत वाटेत येईल त्या प्रत्येक चौकटीवर आपला अंगठा जसा पडत जातो, तसाच तिचाही पडला असणार. कायदा त्या अंगठ्याला दोष देत नाही, 'तूच तर हो म्हणालीस' असे बजावत नाही. तो होकार हातात घेतो, त्यातला गरजेपुरता भाग ठेवतो आणि उरलेला अलगद बाजूला काढतो. माणसाच्या थकव्याची इतकी समजूतदार दखल कायद्याच्या भाषेत क्वचितच घेतलेली आढळते.

आणि वस्तू तरी कोणती निवडावी? संपर्कयादी! त्या यादीत माहेरचा नंबर असतो, गॅस एजन्सी असते, शाळेच्या रिक्षावाल्या काकांचा नंबर असतो, 'मीना ऑफिस' आणि 'मीना शिवणकाम' अशा दोन मीना असतात. यांपैकी कोणालाच य ने काही विचारलेले नाही. आपले नाव कुठल्याशा दवाखान्याच्या ॲपमध्ये पोचते आहे याची त्यांना गंधवार्ताही नाही. कायदा हे काहीच बोलून दाखवत नाही. तो एवढेच विचारतो की या कामाला ही वस्तू लागते का, आणि त्या एका प्रश्नाच्या आडोशाला ती सगळी माणसे सुरक्षित उभी राहतात. न बोलता साधलेला हा परिणाम पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे.

मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'त चक्रधरांचे सूत्र येते, मग दृष्टांत, आणि मग त्याचा उलगडा करणारे दार्ष्टांतिक. इथेही आधी सूत्र आहे: संमती मुक्त, विशिष्ट, समजून-उमजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, आणि त्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी. ही विशेषणांची ओळ वाचून आपण आदराने मान डोलावतो खरे, पण ती आपल्याला कळते ती क्ष आली की. कलमाला उदाहरण जोडण्याची ही रीत आपल्या कायद्यात १८६०च्या दंडसंहितेपासून आहे. इतक्या जुन्या रीतीत आजचा मोबाइल इतका सहज सामावला, याचे कौतुक वाटते.

याच कलमात एक सुंदर आग्रह आहे. संमतीची विनंती स्पष्ट, सोप्या भाषेत हवी, आणि ती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. म्हणजे इंग्रजीशिवाय बावीस भाषा. त्यांत आपली मराठी आणि आपली कोकणीही. नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झालेले नियम आणखी पुढे जातात: संमतीच्या विनंतीसोबतची सूचना इतर कोणत्याही मजकुराच्या आधाराविना स्वतंत्रपणे कळली पाहिजे, आणि कोणती माहिती कशासाठी घेतली जाते हे एकेक करून सांगितले पाहिजे. आता आपण क्षच्या फोनवर एक ओळ कल्पून पाहू: 'तुमच्या आजाराची लक्षणे आणि जुने रिपोर्ट आम्ही घेतो, ते फक्त तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी.' आणि तिच्याशेजारी ही ठेवू: 'सेवांच्या सुधारणेसह विविध प्रयोजनांसाठी आपली माहिती वेळोवेळी संकलित केली जाऊ शकते.' पहिल्या ओळीत कोण घेतो, काय घेतो, कोणाला दाखवतो हे सगळे माणसांसारखे समोर येऊन बसले आहे. दुसरीत कर्ताच नाहीसा झाला आहे, आणि कर्ता नसलेल्या वाक्याला जाब कोण विचारणार?

ती पहिली ओळ जेवढी क्षच्या भल्याची, तेवढीच य च्याही, असे मला मनापासून वाटते. संमतीवरून उद्या वाद झालाच, तर रीतसर सूचना दिली होती आणि संमती घेतली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी याच कलमाने व्यवसायावर टाकली आहे. नीट लिहिलेली सूचना त्या वेळी त्याच्या बाजूची साक्ष होते. शिवाय अशी ओळ लिहायला बसलेल्या कंपनीला आधी स्वतःलाच विचारावे लागते की आपण हे सगळे कशाला गोळा करतो आहोत. उत्तर सापडले नाही, तर तो रकाना फॉर्ममधून काढून टाकणेच बरे, कारण जी माहिती घेतलीच नाही ती सांभाळावी लागत नाही आणि चोरीलाही जात नाही.

व्यवसायाबद्दलची ही कणव याच कलमातल्या पुढच्या एका उदाहरणात खुलून दिसते. आता क्ष खरेदीच्या ॲपवर आहे; इथे य म्हणजे ते ॲप चालवणारी कंपनी. तिने वस्तू मागवली, पैसे भरले, आणि मग दिलेली संमती मागे घेतली. तो तिचा हक्कच आहे, आणि संमती काढून घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असेही कायदा सांगतो. पण य ने आता काय करावे? यापुढे तिच्या नव्या ऑर्डरी घेणे य थांबवू शकते. मात्र जी वस्तू तिने मागवली आणि जिचे पैसे भरले, तिच्यासाठी लागणारी माहिती वापरणे य ने थांबवायचे नाही. ती वस्तू क्षच्या दारी पोचलीच पाहिजे.