शिरोरेषेची उपेक्षा

लग्नसराईंत निमंत्रणपत्रिका आणि गणेशोत्सवांत मंडळांच्या स्मरणिका व चौकाचौकांतील फलक यांना कोल्हापुरांत तोटा नसतो. या वाङ्मयाची समीक्षा करण्याची चाल नाहीं, आणि त्यांतील मजकुराविषयीं आमची तक्रारही नाहीं. तक्रार आहे ती मांडणीविषयीं. ज्या नगरींत बाबूराव पेंटर यांनीं आपल्या चित्रपटांचे भव्य फलक स्वतः रंगविले, तेथें मराठी अक्षर इतकें पोरकें व्हावें, हें आम्हांस खटकतें.

खिळ्यांच्या जुळणीची जागा आतां कोरलड्रॉ, इनडिझाइन अशा संगणकी साधनांनीं घेतली आहे. त्यांचीं मूळ मापें रोमन लिपीसाठीं बेतलेलीं. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभें राहतें. आपलें अक्षर वरच्या रेषेला लोंबतें. मोडी लिहिणारा कारकून तर आधीं कागदावर सलग रेघ ओढी आणि मग तिच्याखालीं अक्षरें उतरवी. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांतील दप्तरें ज्यांनीं चाळलीं असतील त्यांस हें ठाऊक आहे. ही रेघ शोभेची नव्हे. शब्द कोठें सुरू झाला व कोठें संपला, हें डोळ्यास तीच सांगते.

आतां शीर्षक ऐसपैस दिसावें म्हणून अक्षरांतील अंतर वाढविण्याची सोय पाहा. इंग्रजी मोठ्या अक्षरांस ती शोभते. 'करवीर' या शब्दाला लावतांच बहुतेक टाइपांत शिरोरेषेचे चार तुकडे होतात आणि एका नगरीच्या जागीं चार सुटीं अक्षरें उरतात. जागा भरण्यासाठीं अक्षरें आडवीं ताणण्याची खोड याहून वाईट. उभे दंड फुगतात, आडवी रेषा मात्र होती तेवढीच जाड राहते, आणि टाइप घडविणाऱ्यानें साधलेला तोल क्षणांत नाहींसा होतो. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनीं सुबक टाइपांसाठीं जे परिश्रम घेतले ते आठवले म्हणजे ही हेळसांड अधिकच बोचते.

ओळींमधील अंतराचेंही तेंच. इनडिझाइन तें आपोआप अक्षरमापाच्या १२० टक्के ठेवतें. १२ पॉइंटांच्या अक्षराला १४.४ पॉइंट. रोमनला तें पुरतें. मराठींत वरच्या ओळींतील 'दृष्टि'चा ऋकार आणि खालच्या ओळींतील 'कीर्ति'चा रफार एकमेकांस भिडूं लागतात. दीडपटीच्या आसपास अंतर ठेवावें, असें आमचें मत आहे. कागद थोडा अधिक लागेल, लागो.

सारा दोष यंत्रावर ढकलणें मात्र अन्यायाचें होईल. भारतीय लिप्यांची जुळणी इनडिझाइनमध्यें २०१२ पासून आहे. ती निवडली नाहीं तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. 'ल' आणि 'श' यांचीं मराठी वळणें महाराष्ट्र शासनानें २००९ मध्यें प्रमाण ठरविलीं. कांहीं टाइपांत तीं असतातही, पण मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदविल्यावांचून प्रकट होत नाहींत. तासाभरांत पत्रिका हवी म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढें हें सर्व कोण करणार, असें मुद्रक विचारतील. त्यांस आम्ही एवढेंच सुचवूं, कीं एकदां नीट बसविलेला नमुना पुढच्या शंभर पत्रिकांना चालतो.

याहून गंभीर गोष्ट अर्थाची आहे. सर्व लिप्यांसाठीं एकच संकेत ठरविणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ मध्यें निघाली, तरी जुन्या पद्धतीचे टाइप अजून वापरांत आहेत. त्या प्रत्येकाचे संकेत निराळे. लेखकाचा मजकूर त्यांत उतरवितांना कांहीं जोडाक्षरें दगा देतात. 'ऱ्य'मधील रकाराच्या जागीं रफार पडला कीं 'दऱ्या' या शब्दाचा 'दर्या' होतो, आणि पन्हाळ्याचें वर्णन वाचणाऱ्यास सह्याद्रींत समुद्र भेटतो. अखेरचें मुद्रित लेखकास दाखविण्यास जो एक दिवस लागतो, तो मंडळांनीं दिलाच पाहिजे.