बहुरूपतेची मर्यादा : ‘हॅस्केल’मधील एका निर्णयाचे परीक्षण

संगणकभाषांतील बहुरूपतेचे दोन भेद क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी १९६७ साली कोपनहेगन येथील व्याख्यानांत मांडले. एकाच नावाने प्रकारपरत्वे निरनिराळी कार्ये करणे हा एक भेद. प्रकार कोणताही असो, एकाच रीतीने कार्य करणे हा दुसरा. मराठीतील ‘कर’ हा शब्द हात आणि सारा असे असंबद्ध अर्थ वाहतो. याउलट ‘च’ हे अव्यय नामास जोडा वा क्रियापदास, त्याचे कार्य तेच राहते. पहिल्या भेदाचे साम्य ‘कर’शी, दुसऱ्याचे ‘च’शी आहे.

दुसऱ्या भेदाचे बळ त्याच्या अज्ञानातच आहे. कोणत्याही प्रकारच्या घटकांची यादी घेऊन त्याच प्रकारची यादी देणारे फलन घटकांचा क्रम बदलील, काही गाळील वा पुन्हा देईल. नवा घटक मात्र ते निर्माण करू शकत नाही. अशी अनुमाने केवळ प्रकारावरून काढता येतात, हे फिलिप वॉडलर यांनी १९८९ मध्ये दाखविले. त्याच वर्षी वॉडलर व स्टीफन ब्लॉट यांनी पहिल्या भेदास प्रकारवर्गांची शिस्त लावली.

या पार्श्वभूमीवर ‘हॅस्केल’मधील २०१५ चा बदल तपासणे उद्बोधक आहे. जीएचसी या कंपायलरच्या ७.१० आवृत्तीपूर्वी मूळ संग्रहातील ‘लेंग्थ’ हे फलन केवळ यादीची लांबी मोजीत असे. पुढे ते ‘फोल्डेबल’ वर्गातील सर्व रचनांना लागू झाले. संच, कोश आणि यादी यांस एकच नाव पुरू लागले, हा लाभ निःसंशय मोठा होय. तथापि (३, ४) या जोडीची लांबी आता १ येते. कारण जोडीतील पहिले पद आशय म्हणून गणलेच जात नाही. नियमभंग कोठेच नाही, परंतु यादीऐवजी चुकून जोडी दिली असता पूर्वी कंपायलर जी चूक अडवीत असे, ती आता निमूटपणे पुढे जाते.

यावरून निवडीची कसोटी निघते. फलनास घटकांविषयी काहीच जाणण्याची गरज नसेल, तेथे निर्बंधरहित बहुरूपता स्वीकारावी. काही जाणणे आवश्यक असेल, तर वर्गाचे नियम त्या नावाचा अर्थ निश्चित करतात काय, हे पाहावे. करीत नसतील, तर विशिष्ट प्रकारच श्रेयस्कर. फलन किती ठिकाणी चालते यापेक्षा ते वाचून काय निश्चित सांगता येते, यावरच त्याच्या सामान्यतेचे मोल ठरते.